उत्तर मिळालं, असं मी कळवलं होतं

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. रविवारच्या उपासनेत साक्षीची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायची, वेळ आली की उभा राहायचो. आज सांगायचंच, असं घरून ठरवून गेलेलो असायचो, आणि दुसरंच काहीतरी बोलून खाली बसायचो. लोक आमेन म्हणायचे. आता माझं वय झालं आहे आणि सुलोचना, माझी बायको, राहिली नाही. ज्यांच्या घरात असा आजार आला आहे किंवा उद्या येईल, त्यांच्यासाठी लिहितो आहे.

औरंगाबादच्या मेंदूच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा सुलोचना चाकाच्या खुर्चीत होती. मान एका बाजूला कललेली, हात कोपरात वाकून कडक झालेले. डॉक्टर म्हणाले, "लेवी बॉडी डिमेन्शिया." मग त्यांनी सोपं करून सांगितलं. मेंदूच्या पेशींत एका प्रथिनाचे बारीक गोळे साठत जातात. स्मृती लगेच जात नाही. आधी माणसाला नसलेल्या गोष्टी दिसू लागतात, आणि त्या धूसर नसतात, समोरच्या टेबलासारख्या स्वच्छ दिसतात. चाल मंदावते. झोपेत हातपाय झाडले जातात. सकाळी माणूस अगदी शहाणं बोलतं आणि दुपारी त्याला घर ओळखू येत नाही.

"यांना भास कधीपासून होतात?" डॉक्टरांनी विचारलं.

माझा मुलगा आनंद म्हणाला, "आधी व्हायचे, सर. पण ते प्रार्थनेनं बंद झाले."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "बंद झाले, की त्यांनी सांगायचं बंद केलं?"

मी म्हणालो, "सांगायचं बंद केलं." एवढंच बोललो. त्यापुढचं तेव्हाही बोललो नाही.

आमची जन्मभराची सेवा मेळघाटात झाली. मी सुवार्तिक, गावोगाव ख्रिस्ताचा संदेश सांगणारा, होतो आणि सुलोचना मिशनचा दवाखाना सांभाळायची. ती केदारखेड्याकडची, शेतमजुराच्या घरातली, नर्सिंग शिकलेली. माझ्या प्रवचनाला किती लोक यायचे ते सोडा, पण तिच्या दवाखान्यापुढे कोरकू आदिवासी बायांची रांग कधी तुटली नाही. त्या नदी उतरून यायच्या, भिंतीला पाठ लावून बसायच्या आणि एक आत गेली की बाकीच्या बसल्या बसल्या पुढं सरकायच्या.

मिशनची एक पद्धत होती. ज्यांच्या मदतीवर आमचं काम चालायचं त्या चर्चच्या मंडळ्यांना प्रार्थनेचे विषय कळवायचे आणि मागच्या विषयांना काय उत्तर मिळालं तेही कळवायचं. विनंती उघडी ठेवायची नाही, असं आम्हाला शिकवलं होतं. लोक तुमच्यासाठी गुडघे टेकतात, तर पुढं काय झालं ते त्यांना समजलं पाहिजे. यात गैर काही नव्हतं. पण वर्षानुवर्षं ते करून मला एक खोड लागली. उत्तर आलं नाही तरी जे घडलं त्यालाच मी उत्तराचे शब्द चढवायचो. मला ते फार सफाईनं जमायचं.

सेवेतून निवृत्त झाल्यावर मिशनचं घर सोडावं लागलं. आम्ही परतूरला आनंदकडे आलो. तो शाळेत शिक्षक, घर लहान. सून रेखा हिनं आपली पुढची खोली आम्हाला दिली, आणि मी त्या खोलीत पाहुण्यासारखा न वागता मालकासारखा वागू लागलो. सुलोचनाला काम उरलं नाही. मला व्यासपीठ उरलं नाही. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लिहिलं, "सेवाकार्य संपवून आम्ही परतलो आहोत. कुटुंबासाठी हा कठीण बदलाचा काळ आहे. प्रार्थनेत आमची आठवण ठेवा." लांबलांबच्या गावांहून जोडलेल्या हातांची चित्रं आली. मला बरं वाटलं.

खरा कठीण बदल सुलोचनात होऊ लागला होता, आणि तो मला दिसत नव्हता. ती पाय घासत चालायची. झोपेत एकदा तिनं मला जोरात लाथ मारली आणि सकाळी म्हणाली, "स्वप्नात कुत्रं मागं लागल्तं. तुमाला लागलं का? बरं झालं, बऱ्याच वर्षांची बाकी व्हती." आम्ही दोघंही हसलो. हीसुद्धा लक्षणं असतात, हे तुम्ही ध्यानात ठेवा.

मग एका दुपारी मी बाहेरून आलो तर ती पाण्याचा तांब्या घेऊन भिंतीपुढं वाकली होती. भिंतीशी कोणी नव्हतं.

"कुणाला देतीस पाणी?"

"ह्या बाईला. कवाची उन्हातून आलीय."

"कोण बाई?"

"आता मलाच इचारता का? नावगाव तुमीच इचारायचे. मी निस्त्या सुया टोचायची."

ती घाबरलेली नव्हती. तिचा आवाज दवाखान्यातला होता, कामात असतानाचा. काही दिवसांनी बाया वाढल्या. भिंतीच्या कडेनं दारापर्यंत बसल्या आहेत, असं ती सांगायची. बोलत नाहीत. त्यांची लुगडी गुडघ्यापर्यंत ओली आहेत. ती सारखं फडकं घेऊन फरशी पुसायची.

रेखा म्हणायची, "आई, फरशी कोरडीच हाय की."

"तुला कोरडी दिसती, बाई. नदी उतरून ह्या आल्यात, तू न्हाई."

ऐन दुपारी, रस्त्यावर ऊन पसरलेलं असताना, त्या खोलीत बसायला मला नको वाटू लागलं. एकदा मी एकटाच होतो आणि चष्मा घ्यायला भिंतीकडे जाताना माझ्या तोंडून निघून गेलं, "सरका जरा." मी तिथंच थांबलो. मागं वळून पाहिलं तर सुलोचना दारात उभी होती आणि माझ्याकडे फार प्रेमानं बघत होती. मलाही दिसू लागलं, असं तिला वाटलं असावं.

एक दिवस ती म्हणाली, "आज एक जागा पुढं सरकल्या सगळ्या."

"कशाला सरकतील? तू कुणाला तपासलंस का?"

"मी न्हाई तपासलं. तेच तर कळंना." तिनं भिंतीच्या टोकाकडे, तिच्या खाटेकडे पाहिलं. "मंग कोण तपासून राह्यलं यांना?"

हे मी भालेरावांना सांगितलं. भालेराव आमच्या मंडळीचे वडीलजन, मोंढ्यात धान्याचा व्यापार, आवाज खणखणीत. ते म्हणाले, "साळवेभाऊ, हे साधं प्रकरण न्हाई. मेळघाटातल्या देवांचं ठाणं मोडलं तुमी. ते असे सोडतेत का? तुमच्या मागं आले बराबर."

इथं मी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ते ऐकून मी घाबरलो, पण मला थोडं बरंही वाटलं. परतूरमध्ये मला कोणी विचारत नव्हतं. सैतान माझ्या घरापर्यंत चालत आला असेल, तर माझं काम तेवढं मोठं होतं.

रेखा म्हणाली, "पप्पा, आधी डॉक्टरला दाखवू. प्रार्थना कुठं पळून चालली?"

मी म्हणालो, "आमच्या घरात आधी गुडघे, मंग दवाखाना." ज्या बाईनं आयुष्यभर दवाखाना चालवला, तिच्याच खाटेशेजारी उभा राहून मी हे बोललो.

सुलोचना एवढंच म्हणाली, "अहो, ह्यांना सैतान म्हणू नका. ह्यांची बाळंतपणं केलीत मी. तुमाला प्रार्थनाच करायची तर ह्यांचं दुखणं कमी व्हावं म्हणून करा."

शनिवारी उपास-प्रार्थना ठेवली. खोली माणसांनी भरली. सुलोचनाला खुर्चीवर मधोमध बसवलं आणि आम्ही तिच्या डोक्यावर, खांद्यांवर हात ठेवले. भालेराव ओरडू लागले, "निघा! येशूच्या नावानं निघा!" त्यांच्यामागून मीही ओरडलो. ऊन चढलं, उतरायला लागलं, तरी आम्ही थांबलो नाही. तिला तहान लागली होती, पण उपास सगळ्यांचाच होता. ती खाली मान घालून बसली होती. मग तिनं मान वर केली, माझ्या चेहऱ्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "गेल्या."

"सगळ्या?" भालेरावांनी विचारलं.

"सगळ्या. आता मला उठू द्या, लघवीला जायचंय."

हालेलुयाचा असा गजर झाला की शेजारचे लोक बाहेर आले. दुसऱ्या दिवशी उपासनेत मी साक्ष दिली आणि ग्रुपवर लिहिलं, "तुमच्या प्रार्थनांना उत्तर मिळालं. माझी पत्नी पूर्ण मुक्त झाली आहे."

त्याच रविवारची दुपार. जेवणानंतर सगळे आपापल्या ठिकाणी होते, मी दारात खुर्ची टाकून बसलो होतो. सुलोचना स्वयंपाकघरातून खाटेकडे निघाली. खोली रिकामी होती, सरळ चालत यायचं होतं. पण ती समोरच्या भिंतीला चिकटून आली. एका हातानं निऱ्या सावरून धरल्या होत्या, अंग चोरलेलं. बसलेल्या माणसांच्या गुडघ्यांना आपला पाय लागू नये म्हणून आपण जसं चालतो, तशी. खाटेपाशी आल्यावर तिला कळलं की मी बघतोय.

"पाय आखडलेत," ती म्हणाली.

मी बायबल उघडलं.

त्यानंतर ती त्या बायांबद्दल एक शब्दही बोलली नाही. तिनं एक युक्ती शोधली, जी मला फार उशिरा समजली. घरात माणसं आली की ती आधी माझ्याकडे बघायची. मी ज्याच्याशी बोलायचो त्याच्याशीच बोलायची. मी ज्याच्याकडे लक्ष दिलं नाही, त्याच्याकडे तीही बघायची नाही. खोलीतलं खरं माणूस कोणतं, हे ती माझ्यावरून ठरवायची. एकदा आनंद मागच्या दारानं आला, मी पेपरात होतो. तो "आई, आई" म्हणत समोर उभा राहिला आणि ती त्याच्या आरपार बघत गप्प बसून राहिली. मी मान वर करून "आलास का रे?" म्हटल्यावर तिनं सुस्कारा सोडला आणि त्याचा हात धरला.

माझ्या साक्षीला धक्का लागू नये म्हणून ती असं जगत होती. आणि मला ते कळायला लागल्यावरही मी तसंच चालू दिलं.

पुढच्या पावसाळ्यात तिला ताप भरला. लघवीत जंतूसंसर्ग झाला होता. जालन्याच्या एका खाजगी रुग्णालयात दाखल केलं. तापात ती फार अस्वस्थ झाली. सलाईन ओढून काढायची, खाटेवरून उतरायला बघायची, म्हणायची, "मला जाऊ द्या, त्या कवाच्या बसल्यात." अशा आजारात साध्या संसर्गानंही एकाएकी भ्रम वाढतो. त्याला डिलिरियम म्हणतात. तेव्हा आम्हाला हे माहीत नव्हतं.

तिथले डॉक्टर तरुण होते. संध्याकाळच्या फेरीला आले. आनंद औषधं आणायला खाली गेला होता. खाटेच्या एका बाजूला मी, आणि माझ्या शेजारी परतूरहून भेटायला आलेले भालेराव आणि मंडळीतले दोघं.

डॉक्टरांनी नीट, सावकाश विचारलं, "बाबा, आजींना ह्या तापाच्या आधी कधी भास व्हायचे का? माणसं दिसणं, कोणीतरी घरात आहे असं वाटणं? आठवून सांगा. औषध द्यायच्या आधी मला हे कळायला पाहिजे."

सुलोचना त्या क्षणी शांत होती. तिची नजर माझ्यावर होती. तिनं ओठ उघडले, पण मी आधी काय म्हणतो याची ती वाट बघत होती. रोज बघायची तशी. भालेरावही माझ्याकडेच बघत होते.

मी म्हणालो, "न्हाई. कधीच न्हाई."

तिनं ओठ मिटले.

तिला शांत करायला त्यांनी इंजेक्शन दिलं. हॅलोपेरिडॉल नावाचं. इतर अनेक रुग्णांना ते चालतं. सकाळी ती लाकडासारखी होती. जबडा आवळून बसलेला, थुंकी गिळता येत नव्हती, डोळे तेवढे हलत होते. डॉक्टर धावले, औषध बंद केलं, नळी घातली. त्यांच्याच सल्ल्यावरून आम्ही औरंगाबादला गेलो, आणि मग ते झालं जे मी सुरुवातीला सांगितलं. मेंदूच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की लेवी बॉडीच्या रुग्णाला हे औषध फार वाईट रीतीनं लागू शकतं. ते म्हणाले, "भासांची माहिती मिळाली असती तर त्यांनी ते दिलं नसतं."

आनंद बाहेर येऊन भिंतीवर हात आपटून म्हणाला, "त्या पोराला साधं विचारता आलं न्हाई का? एक प्रश्न इचारायचा व्हता फक्त!" पुढं कित्येक दिवस तो नातेवाइकांना, शाळेत, सगळीकडे हेच सांगत राहिला. मी शेजारी बसून ऐकत राहिलो.

म्हणून आधी हे स्पष्ट करतो. आनंद, त्यांनी विचारलं होतं. चांगलं, थांबून विचारलं होतं. त्या डॉक्टरांना दोष देऊ नकोस.

उपचारांबद्दल थोडं लिहितो, कुणाला उपयोग होईल. रिव्हास्टिग्मिन नावाचं औषध सुरू केलं. त्यानं आजार बरा होत नाही, पण काही रुग्णांचं लक्ष थोडं ताळ्यावर येतं. व्यायाम करून घेणारी एक बाई घरी यायची. रेखा चमच्याचमच्यानं पेज भरवायची, हनुवटी खाली धरून, म्हणजे ठसका लागत नाही. या सुनेबद्दल मी कधी प्रार्थनेत नीट आभार मानले नव्हते. हळूहळू सुलोचनाचे हात थोडे सैल झाले. काही शब्द परत आले. चालणं आलं नाही.

भासांविषयी डॉक्टर म्हणाले होते, "त्यांना भीती वाटत नसेल, तर वाद घालू नका. हाकलायच्या मागं लागू नका. दिसतंय का, त्रास होतोय का, एवढं विचारत जा." सुलोचनानं त्या शनिवारच्या उपास-प्रार्थनेआधी माझ्याकडे जवळजवळ हेच मागितलं होतं.

मला नुकताच घनसावंगीहून तिथल्या मंडळीतल्या एका भावाचा फोन आला, तेव्हा हे लिहायचं ठरलं. त्याची आई आपल्या मेलेल्या भावाशी गप्पा मारते. तो म्हणाला, "काका, तुमची साक्ष अजून आठवती. आमच्या आईचं बिलकुल सुलोचनाकाकूंसारखंच हाय. तुमी या, हात ठेवा, जल्दी या."

मी म्हणालो, "येतो. पण आधी तिला मेंदूच्या डॉक्टरकडे न्या. सगळं सांगा त्यांना, काही लपवू नका."

तो मग म्हणाला, "काका, तुमचा विश्वास कमी झाला का काय?"

मी त्याला ही सगळी हकीकत तेव्हाच सांगायला हवी होती. मी म्हणालो, "प्रार्थना करतो मी." तो माणूस हे वाचेल, एवढीच आशा आहे. बाबा रे, माझी साक्ष खोटी होती. आईला घेऊन जा.

मी आजही प्रार्थना करतो आणि तुम्हालाही करायला सांगतो. फक्त विनंती उघडी राहू द्या. घाईनं तिला उत्तर चिकटवू नका.

सुलोचनाला शेवटी शेवटी एखादी दुपार अगदी स्वच्छ मिळायची. या आजारात तसं होतं, दिव्याची वात वर केल्यासारखं. अशीच एक दुपार होती. मी तिच्या खाटेवर बसायला गेलो, तर तिनं कष्टानं पाय थोडे आत ओढून घेतले. जागा तिनं मला दिली नव्हती. तिची नजर माझ्या बाजूला, खाटेच्या कडेवर होती. मी उठलो आणि स्टूल ओढून बसलो. पहिल्यांदाच मी विचारलं, "आल्यात का?"

ती म्हणाली, "हं." मग बऱ्याच वेळानं, "ही शेवटची."

मी ठरवलं, आता बोलायचं. मी तिचा हात धरला आणि म्हणालो, "सुलोचना, जालन्याला डॉक्टरनं इचारलं तवा..." ती माझ्याकडे वळून बघू लागली. सगळं समजत होतं तिला.

तेवढ्यात भालेराव आणि मंडळीच्या बाया भेटीला आल्या. "जय ख्रिस्त, काकू!" म्हणत खोलीत शिरल्या, गीत सुरू झालं, आणि भालेराव म्हणाले, "भाऊ, प्रार्थना चालवा." मी डोळे मिटले आणि चालवली. शब्द धो धो आले. प्रभू, आमच्या उणिवांची क्षमा कर, आमच्या अपराधांची क्षमा कर. सगळे आमेन म्हणाले. मी डोळे उघडले तेव्हा सुलोचना झोपली होती. त्यानंतर स्वच्छ दुपार आली नाही. त्याच आठवड्यात ती गेली.

देवाकडे मी क्षमा मागितली, ती सगळ्यांनी ऐकली. जिच्याकडे मागायची होती ती हात माझ्या हातात देऊन वाट बघत होती. तिला एवढंच सांगायचं होतं:

सुलोचना, डॉक्टरनं इचारलं तवा तू माझ्या तोंडाकडं बघत व्हतीस. तुला बोलता येत व्हतं. मी न्हाई म्हणालो म्हणून तू गप्प बसलीस. तू खरं सांगत व्हतीस, पयल्या दिवसापासून. खोटं मी बोललो. माझं चुकलं, मला माफ कर.